जुन्या घड्याळाची साक्ष

जालन्याच्या मोंढ्यात कपाशीचे बियाणे घेणारा शेतकरी पिशवीवरच्या चित्राला भुलत नाही. चित्रातले बोंड टपोरेच असावयाचे, हे तो जाणून असतो. तो पिशवी उलटी करतो, शिवण पाहतो, खूणचिठ्ठीवरचा लॉट नंबर, उगवणशक्तीचा आकडा आणि मुदत वाचतो आणि मगच कनवटीला हात घालतो. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी या गावात संकरित बियाण्याची कंपनी काढली, १९६६ साली बियाण्यांचा कायदा झाला, आणि तेव्हापासून पिशवीचे तोंड आणि पिशवीचे पोट यांत अंतर असू शकते ही गोष्ट या गावाने पुरती पचविली आहे. मात्र त्याच गावातला एखादा सुखवस्तू गृहस्थ मुंबईस जातो, जुन्या बाजारात लाखभर रुपयांचे वापरलेले स्विस घड्याळ हातात घेतो, त्याची चकचकीत तबकडी पाहतो, कानाला लावून टिकटिक ऐकतो आणि पैसे मोजून मोकळा होतो. बियाण्याच्या बाबतीत जो तोंडावर विश्वास ठेवीत नाही तो घड्याळाच्या बाबतीत तोंडाखेरीज काहीच पाहत नाही, हे नवल नव्हे काय?

इतिहासाच्या व्याख्यानात घड्याळाच्या सौद्याचे काय काम, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे की हे काम मुळातच इतिहासाचे आहे. वतनाच्या भांडणात बनावट महजर पुढे करण्याची चाल आपल्याकडे जुनी. कागद हाती आला की इतिहाससंशोधक तो खरा की खोटा हे ठरविण्यासाठी मजकुराच्या मोठेपणाने दिपून जात नाही. अक्षर कोणाचे, शिक्का कोणाचा, कागद त्या काळचा आहे काय, आणि या तिन्हींचा मेळ एकमेकांशी बसतो काय, एवढेच तो पाहतो. जुन्या उंची घड्याळाचेही चार साक्षीदार असतात: तबकडी, केस, आतले मशीन आणि सोबतचे कागद. चौघांना वेगवेगळे विचारावे. चौघांनी एकच हकीकत सांगितली तर घड्याळ खरे. आपल्या प्रांतात या चौघांपैकी सर्वांत जास्त खोटे बोलते ती तबकडी. आणि गंमत अशी की पुष्कळदा तिला खोटे बोलावयास लावणारा माणूस लबाड नव्हता. हे कसे घडले ते समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

आपल्याकडे वेळ ही खासगी मालकीची वस्तू नव्हती. तळाला बारीक छिद्र पाडलेली तांब्याची वाटी पाण्याच्या घंगाळात सोडावयाची. ती बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे, झाली. अशा ६० घटिकांचा दिवस. लग्नमंडपात भटजी वाटीकडे डोळे लावून बसत, आणि ती बुडाली की साऱ्या मांडवाची वेळ एकदमच होई. खिशात घालून आपली वेळ आपल्यापुरती बाळगावयाची ही कल्पना साहेबाबरोबर आली, आणि प्रथम आली ती दरबारी नजराण्यांतून आणि लष्करी छावण्यांतून.

या जिल्ह्याच्या भूमीवर तर घड्याळाचे आणि लढाईचे नाते फार जुने आहे. २१ सप्टेंबर १८०३ रोजी बदनापूर येथे आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांची भेट झाली. दोघांनी दोन वाटांनी जावयाचे आणि २४ तारखेस एकदमच शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर पडावयाचे, असा बेत ठरला. प्रत्यक्षात २३ तारखेसच वेलस्लीला मराठ्यांची फौज भोकरदनच्या अलीकडे असईजवळ, खेळणा आणि जुई या नद्यांच्या दुबेळक्यात, अचानक गाठ पडली आणि तो स्टीव्हन्सनची वाट न पाहता लढला. पुढचा रक्तपात आपणांस ठाऊक आहे. हाच वेलस्ली पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि पॅरिसच्या ब्रेगे या नामांकित घड्याळजीचा ग्राहक बनला. या ब्रेगेच्या घड्याळांच्या नकला त्याच्या हयातीतच इतक्या होऊ लागल्या की १७९५ च्या सुमारास त्याने मिन्याच्या पांढऱ्या तबकडीवर, बाराच्या आकड्याजवळ, एक गुप्त सही कोरण्यास आरंभ केला. ती सरळ पाहिल्यास दिसत नाही. प्रकाश तिरपा पडू दिला म्हणजे दिसते. तात्पर्य, उंची घड्याळाची खोटी नक्कल हे आजच्या काळाचे पाप आहे असे कोणी समजू नये. सव्वादोनशे वर्षांपूर्वीही घड्याळ तिरपे करूनच पाहावे लागत होते.

सामान्य माणसाच्या हाती घड्याळ दिले ते आगगाडीने. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असा हैदराबादेकडे जाणारा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास चालू झाला, आणि गाडी चुकणे ही एक नवीच आपत्ती आपल्या आयुष्यात आली. स्टेशनमास्तर, वकील, सरकीचा व्यापारी, शाळेचा हेडमास्तर यांच्या खिशांत साखळीची घड्याळे आली आणि पहिल्या महायुद्धानंतर ती हळूहळू मनगटावर चढली. १८८६ पासून मुंबईच्या नावाशी जोडलेली वेस्ट एंड, आणि १८६५ पासून हिंदुस्थानशी व्यापार करणारी फेव्हर ल्यूबा, ही नावे खेड्यापाड्यांत गेली. वेस्ट एंडचे ‘सोवार प्रायमा’ १९३४ साली निघाले. त्यात धक्का सोसणारी इन्काब्लॉकची योजना होती; घोड्यावरून किंवा सायकलीवरून पडलेल्या माणसाचे घड्याळ चालू राही, याचे लोकांस मोठे अप्रूप वाटे. ओमेगा, लाँजिन्स, रोलेक्स ही त्याहून वरची पायरी. ती संस्थानिक, जहागीरदार आणि बडे वकील यांच्या हाती दिसत.

येथे एक बारकी गोष्ट सांगून टाकतो. जुन्या खिशातल्या घड्याळांच्या तबकडीवर ‘रेल्वे टाइमकीपर’ असे छापलेले पुष्कळदा आढळते. विकणारा ते रेल्वेने आपल्या नोकरास दिलेले म्हणून दुप्पट दाम सांगतो. हे शब्द कोणीही कारखानदार स्वस्त घड्याळावर छापीत असे. नुसत्या शब्दाने घड्याळ रेल्वेचे होत नाही. मागच्या झाकणावर रेल्वेची अक्षरे आणि अनुक्रमांक कोरलेला असेल तर विचार करावा; आणि तोही कोरीव भाग वापराने झिजलेला आहे की कालच कोरल्यासारखा धारदार आहे, ते बोट फिरवून पाहावे.

यानंतर जो काळ आला त्यात आपल्या आजच्या बहुतेक फसवणुकींचे मूळ आहे. १९५६-५७ पासून परदेशी चलनाची भयंकर टंचाई झाली आणि घड्याळांच्या आयातीवर कडक बंधने आली. १९६१ साली बंगलोरास एच.एम.टी.ने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्याने घड्याळांचा कारखाना काढला, आणि ‘जनता’ घड्याळ मिळावे म्हणून लोक वशिले लावू लागले. स्विस घड्याळ मात्र दुर्मिळच होत गेले. दुर्मिळ झाले म्हणून त्याची हौस कमी झाली नाही, उलट वाढली. जावयास घड्याळ, सायकल आणि रेडिओ देणे ही त्या काळच्या लग्नाच्या बैठकीतली ठरलेली वाक्ये. आणि घड्याळ म्हणजे ‘फॉरेनचे’ असा आग्रह. मग समुद्रमार्गे चोरटी आयात झाली. अंगरख्याच्या आत शिवलेल्या शेकडो खिशांतून घड्याळे किनाऱ्यास लागली. पुष्कळ अस्सल घड्याळे या मार्गाने आली. पुष्कळ एडनहून, आफ्रिकेहून, पुढे आखातातून परतणाऱ्या नातेवाइकांच्या मनगटावरून आली. त्यांच्याबरोबर ना पेटी आली, ना हमीपत्र.

पण घड्याळ आले तरी त्याचे सुटे भाग येत नव्हते. आपल्या गावोगावच्या घड्याळजीने काय करावे? डोळ्याला भिंग लावून काचेच्या पेटीमागे बसलेला हा माणूस मोठा कसबी. एका मेलेल्या घड्याळाचे बॅलन्सचक्र दुसऱ्यात, तिसऱ्याची चावी चौथ्याला, असे करून त्याने हजारो घड्याळे चालती ठेवली. पावसाळ्याच्या दमटपणाने तबकडीवर डाग पडत, रंग पोपडे धरी. नवी तबकडी मिळण्याची सोय नव्हती. मग ती मुंबईस धाडावयाची. तेथील कारागीर जुना रंग खरवडून नवा चढवीत आणि नाव पुन्हा छापून देत. गिऱ्हाईक खूष होई, कारण त्यास घड्याळ लग्नात घालून मिरवावयाचे होते, संग्रहालयात ठेवावयाचे नव्हते. १९६५ साली ही दुरुस्ती होती आणि प्रामाणिक दुरुस्ती होती. तीच तबकडी आज ‘मूळची, कधी हात न लागलेली’ असे सांगून विकली जाते तेव्हा ती फसवणूक होते. रंग तोच राहिला. बदलले ते विकणाऱ्याचे वाक्य. पुढे पुढे तर जुन्या फेव्हर ल्यूबा, वेस्ट एंड आणि एच.एम.टी. घड्याळांना मुद्दाम निळ्या, नारिंगी, पोपटी तबकड्या चढवून परदेशी शौकिनांस विकण्याचा धंदाच झाला, आणि जगभरच्या संग्राहकांत अशा घड्याळांना मुंबईचेच नाव चिकटले. या नावलौकिकाचा आपण अभिमान धरावा की खंत, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही. कारागिराच्या हाताचा अभिमान वाटतो, एवढे मात्र खरे.

तेव्हा पहिली जबानी तबकडीची घ्यावी. दहापट मोठे दाखविणारे भिंग शेदोनशे रुपयांत मिळते. ते न घेता लाखाचे घड्याळ घेऊ नये. कारखान्यात छापलेली अक्षरे बारीक, एकसारखी आणि कडेला स्वच्छ असतात. पुन्हा छापलेली अक्षरे जाड, किंचित पसरलेली, क्वचित एका रेषेत नसलेली असतात. मिनिटांच्या रेघा उठावाच्या खुणांशी नेमक्या जुळतात काय, हे पाहावे. सेकंदाचे लहान वर्तुळ असेल तर त्याच्या मधोमधच काटा आहे काय, हे पाहावे. सहाच्या आकड्याखाली अगदी कडेला ‘स्विस’ किंवा ‘स्विस मेड’ अशी बारीक अक्षरे असतात. रंगाऱ्याच्या हातून ती गळतात किंवा अर्धी केसखाली जातात. साठ वर्षांचे घड्याळ आणि तबकडी मात्र आरशासारखी, असे दिसले की प्रथम आनंद न होता संशय आला पाहिजे.

अंधारात चमकणाऱ्या आकड्यांची हकीकत स्वतंत्र आहे. साधारण १९६० पर्यंत ही चमक रेडियममिश्रित रंगाने आणीत. त्यानंतरच्या दशकांत ट्रिटियम आले; तशा तबकड्यांवर ‘स्विस’ या शब्दाच्या दोन्ही बाजूंस ‘टी’ हे अक्षर पुष्कळदा असते. १९९० नंतर किरणोत्सर्ग नसलेले रंग रूढ झाले. आता गंमत पाहा. रेडियम सोळाशे वर्षांत अर्धे होते, परंतु त्याच्या माऱ्याने रंगातला चमकणारा पदार्थ काही दशकांतच मरतो. ट्रिटियम तर बारा-सव्वाबारा वर्षांतच अर्धे होते. म्हणजे १९५० सालचे म्हणून दाखविलेले घड्याळ विजेरीचा झोत टाकल्यावर रात्रभर हिरवे चमकत असेल तर ती चमक १९५० ची नव्हे. काटे किंवा तबकडी नंतरची आहे. एक सावधगिरीची सूचनाही येथेच देतो. रेडियमचा रंग विझला तरी रेडियम तसेच असते. अशा घड्याळाचे झाकण वा काच घरी हौसेने उघडू नये, आणि ती भुकटी नाकातोंडात जाऊ देऊ नये.

दुसरा साक्षीदार मशीन. झाकण उघडून दाखविण्यास जो दुकानदार तयार नाही त्याच्याशी सौदा करू नये. यात अपवाद मी करीत नाही. विकणाऱ्याच्या माणसाकडून नव्हे, तर आपल्या भरवशाच्या घड्याळजीकडून, आपल्या देखत, झाकण उघडवावे. मशीनवर कारखान्याचे नाव आणि मशीनचा क्रमांक कोरलेला असतो. त्या क्रमांकाचे मशीन त्या कंपनीने त्या प्रकारच्या घड्याळात घातले होते काय, एवढाच प्रश्न. मात्र एका गोष्टीने घाबरून जाऊ नये. जुन्या काळी पुष्कळ नामांकित कंपन्या मशीन दुसऱ्या कारखान्याकडून घेत. वेस्ट एंडच्या घड्याळांत परक्या कारखान्याचे मशीन असणे हा काही गुन्हा नव्हे. गुन्हा असा की तबकडीवर ओमेगा आणि आत कोण्या निनावी कारखान्याचे मशीन. स्क्रूंची डोकी पाहावीत. ती चावलेली, ओरखडलेली असतील तर आत अडाणी हात फिरला आहे. गंज पाहावा, तांबूस डाग म्हणजे पाणी आत गेले होते.

‘२१ ज्वेल्स’ या शब्दांवर आपल्याकडे फार श्रद्धा आहे. आत माणकेच माणके आहेत अशी पुष्कळांची समजूत. हे खडे कृत्रिम माणकाचे असतात, चाकांच्या टोकांखाली घर्षण कमी करण्यासाठी बसविलेले, आणि त्यांची बाजारातली किंमत नगण्य. त्या आकड्याचा उपयोग एवढाच, की तबकडीवर २१ आणि मशीनवर १७ असेल तर ती तबकडी त्या मशीनची नव्हे.

कानाचाही उपयोग आहे. बहुतेक जुनी चावीची घड्याळे तासाला १८,००० ठोके देतात, म्हणजे सेकंदाला पाच. अलीकडची पुष्कळशी २८,८००, म्हणजे सेकंदाला आठ. म्हणून त्यांचा सेकंदकाटा सरकल्यासारखा दिसतो. १९६९ साली जपानच्या सीकोने स्फटिकावर चालणारे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस आणले, तेव्हापासून सेकंदाला एक उडी मारणारा काटा आला. चावीचे म्हणून विकलेल्या घड्याळाचा काटा सेकंदाला एक उडी मारीत असेल तर, क्वचित अपवाद सोडून, आत सेल आहे. चांगल्या घड्याळजीपाशी घड्याळाचे ठोके मोजून लिहून देणारे यंत्र असते. त्यावर दोन मिनिटे घड्याळ ठेवावे. बॅलन्सचक्राचा झोका २७० अंशांच्या आसपास असला तर प्रकृती ठीक. २०० च्या खाली गेला तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करावा. आणि हा खर्च उंची घड्याळात लहान नसतो, कारण सुटे भाग कंपनीच देते आणि ती ज्याला त्याला देत नाही.

केस हा तिसरा साक्षीदार, आणि तो मुका असला तरी बराचसा सत्यवादी आहे. पट्टा अडकविण्याच्या कानांच्या कडा कारखान्यातून निघताना धारदार असतात. त्या साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या असतील तर वारंवार पॉलिश झाले. पॉलिशने गेलेली धातू परत येत नाही. सोन्याचे म्हणून सांगितले तर झाकणाच्या आत शिक्का पाहावा. १९९५ पर्यंत १८ कॅरटच्या स्विस सोन्यावर हेल्व्हेशिया या स्त्रीचे मस्तक ठसविलेले असे. त्यानंतर सेंट बर्नार्ड जातीच्या कुत्र्याचे डोके आले. ‘२० मायक्रॉन’ असे लिहिलेले असेल तर ते सोने नव्हे, सोन्याचा मुलामा; कानांच्या टोकाशी आतली पिवळी पितळ डोकावू लागते. आपल्या सराफाकडच्या यंत्रावर केस तपासून घेण्यास पाच मिनिटे लागतात. आणि जुन्या घड्याळावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिले आहे म्हणून ते हातावर ठेवून कोणी आंघोळ करू नये. रबरी कडे कधीच कडक होऊन गेलेले असते.

झाकणाच्या आतल्या बाजूस भिंगातून पाहिले तर सुईने ओरखडल्यासारखी बारीक अक्षरे आणि आकडे आढळतात. ही घड्याळजींची टिपणे: अमुक साली साफ केले, अमुक खूण. गिऱ्हाइकांना ती घाण वाटते. मला विचाराल तर घड्याळाच्या अंगावरचा हाच सर्वांत प्रामाणिक मजकूर. तो कोणाला फसविण्यासाठी लिहिलेला नव्हता. दुकानदाराच्या स्वतःच्या आठवणीसाठी लिहिला होता. घड्याळ ‘कधीच न उघडलेले’ म्हणून विकणाऱ्यास ही अक्षरे दाखवावीत आणि त्याचा चेहरा पाहावा.

चौथा साक्षीदार कागद, आणि येथे आपल्या मराठवाड्याचा इतिहास फार उपयोगी पडतो. पेटी, पावती, हमीपत्र असा ‘फुल सेट’ असला की भाव पुष्कळ चढतो. म्हणून रिकाम्या पेट्या आणि कोरी हमीपत्रेही वेगळी विकली जातात. वर सांगितल्याप्रमाणे आपल्याकडची पुष्कळ अस्सल घड्याळे बिनकागदांचीच आली आहेत. तेव्हा कागद नाहीत हा खोटेपणाचा पुरावा नव्हे. कागद आहेत, हा मात्र खरेपणाचा पुरावा मानू नये. कागद वाचावा. निजामी मुलखातल्या दुकानाची १९४५ सालची पावती असेल तर किंमत हाली शिक्क्यात आहे की कलदार रुपयांत, हे पाहावे. विचार न केलेल्या बनावट पावतीत हा भेदच नसतो. पावतीत नव्या पैशांचा हिशेब असेल तर ती १ एप्रिल १९५७ पूर्वीची असूच शकत नाही. तोवर आणे आणि पै होते. दुकानाच्या पत्त्यात ‘महाराष्ट्र राज्य’ असेल तर १ मे १९६० नंतरची. जालना १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात आणि पुढे साडेतीन वर्षे मुंबई राज्यात होते. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी आला. १९६८ च्या पावतीवर तो छापलेला दिसला तर पावती ठेवून घ्यावी ती नमुना म्हणून. आणि ‘जिल्हा जालना’ हे शब्द १ मे १९८१ पूर्वी कोणाही दुकानदाराने छापले नाहीत, कारण तोवर हा जिल्हाच नव्हता. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद औरंगाबादेत होते आणि परतूर परभणीत. बनावट कागद करणारा घड्याळाचा अभ्यास करतो, भूगोलाचा करीत नाही.

कंपन्यांच्या दप्तरांचाही आधार घेता येतो. लाँजिन्सची दप्तरे १८६७ पर्यंत मागे जातात. पाटेक फिलिपही आपल्या जुन्या घड्याळांबद्दल दप्तराचा उतारा देते. क्रमांक कळविला की घड्याळ कोणत्या साली तयार झाले आणि कोणत्या प्रकारचे होते हे कळते. पण उतारा काय सांगतो आणि काय सांगत नाही, याचा विवेक ठेवावा. उतारा एवढेच सांगतो की या क्रमांकाचे एक घड्याळ झाले होते. आपल्या हातातले तेच, हे तो सांगत नाही.

या एका वाक्याची किंमत किती असू शकते ते ऐका. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हा येथे १९५७ च्या घडणीचे एक ओमेगा स्पीडमास्टर लिलावात ३१ लाख स्विस फ्रँकांहून अधिक किमतीस गेले. उन्हाने पिकून तपकिरी झालेली त्याची तबकडी पाहून जग थक्क झाले. ते घेणारी दुसरी कोणी नसून स्वतः ओमेगा कंपनी होती, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ साली उघडकीस आले की ते घड्याळ ठिकठिकाणचे भाग जुळवून उभे केलेले होते, आणि यात आपल्याच माजी नोकरांचा हात होता असे कंपनीने जाहीर केले. घड्याळ बनविणारी कंपनी आपलेच घड्याळ विकत घेताना फसली! मग आपण तबकडी पाहून भुललो तर त्यात मोठी लाज नाही. पण पुन्हा भुलण्यास निमित्तही उरत नाही.

याच्या उलट उदाहरणही आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कला पॉल न्यूमन या नटाचे रोलेक्स डेटोना १ कोटी ७७ लाख डॉलरांना विकले गेले. तसल्या घड्याळाची साधी किंमत त्याच्या पासंगालाही पुरली नसती. भाव आला तो मालकामुळे. आणि मालकाची खूण काय, तर पाठीमागे त्याच्या पत्नीने कोरून घेतलेले, मोटार जपून चालवण्याविषयीचे तीन शब्द. आपल्या घरांतल्या घड्याळांच्या पाठीवरही असे शब्द असतात: सासऱ्याने जावयास दिले ते साल, शाळेने निवृत्त हेडमास्तरांस दिले ती तारीख. मोडीचा व्यापारी घरी येतो, ‘बंद आहे, नाव कोरले आहे, भाव येणार नाही’ म्हणतो आणि पाचपन्नासशे रुपयांत घड्याळ घेऊन जातो. मुंबईस ती अक्षरे घासून काढतात, तबकडी रंगवितात, आणि सहा महिन्यांनी तेच घड्याळ याच जिल्ह्यातल्या एखाद्या हौशी माणसाच्या हाती वीसपट दामाने येते. विकणारा बुडाला, घेणारा बुडाला, आणि हेडमास्तरांचे नाव तर कायमचेच गेले. झाकणाचा मधला भाग कडेपेक्षा खोलगट वाटत असेल, उजेडात तेथे लाट दिसत असेल, तर तेथे एक नाव होते असे समजावे.

हे सारे पाहून झाल्यावरही सौदा त्याच दिवशी करू नये. बयाणा देऊन दोन-तीन दिवस घड्याळ वागवून पाहावे. रोज सकाळी ठराविक वेळी पूर्ण चावी द्यावी, मोबाइलवरच्या वेळेशी ताडून फरक लिहून ठेवावा. एक रात्र ते उताणे ठेवावे, एक रात्र चावी खाली करून उभे. दोहोंत मोठा फरक पडला तर बॅलन्सचा तोल गेला आहे. उंची स्विस घड्याळांस क्रोनोमीटरचे प्रमाणपत्र मिळते ते दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढ्याच चुकीस. साठ वर्षांच्या घड्याळाकडून ती अपेक्षा नको, अर्धा-पाऊण मिनिट क्षम्य. एकाएकी तासाला कित्येक मिनिटे पुढे पळू लागले तर बहुधा लोहचुंबकाचा परिणाम झालेला असतो. तो घड्याळजी क्षणात काढतो, त्यासाठी घड्याळ परत करण्याचे कारण नाही.

आणि पैसे देताना पावती घ्यावी. दोन लाख वा त्याहून अधिक रकमेचा एका व्यवहारात रोख स्वीकार २०१७ पासून कायद्याने बंद आहे. ‘रोख द्या, कमी करतो’ म्हणणाऱ्याचे घड्याळ चोरीचेही असू शकते, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहे. पावतीवर कंपनीचे नाव, केसचा आणि मशीनचा क्रमांक, कोणता भाग बदललेला आहे आणि तबकडी मूळची की रंगविलेली, हे विकणाऱ्याच्या हाताने लिहून घ्यावे, खाली त्याची सही व पत्ता. पत्त्यात ‘जिल्हा जालना’ असे लिहिण्यास आता काही हरकत नाही.